गेल्याची वेळ

३ फेब्रुवारी, सोमवार

डायरी लिहायची मला सवय नाही. पण मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी. उद्या कोणी विचारलं की हे सरकारी रुग्णालय सुधारलं कसं, तर दाखवायला काहीतरी हवं.

आज 'सुधारणा अधिकारी' म्हणून रुजू झालो. सहा महिन्यांसाठी. काम दिसलं तर मुख्य कार्यालयात कायमचं घेऊ, असं तिथल्या साहेबांनी सांगितलंय. सव्वीस वर्षं मी बस डेपोत वेळापत्रकं केली. माझी एकही बस चार मिनिटांपेक्षा जास्त उशिरा सुटली नाही (पुलाचं काम चाललं होतं ते वर्ष सोडून). बायकोला म्हटलं, "बस काय आणि खाट काय! माणूस चढतो, माणूस उतरतो. उभी राहिली की नुकसान."

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, बसमधून उतरलेल्याला घरी जाऊन गोळ्या घ्याव्या लागत नाहीत."

हिची झेप घरापुरतीच. सोडून दिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस वॉर्डात घड्याळ घेऊन बसलो आणि दुखणं सापडलं. तीस खाटांचा वॉर्ड. डॉक्टर नऊ वाजता फेरी मारतात, ज्याला बरं वाटतंय त्याच्या कागदावर 'घरी सोडा' लिहितात. तो माणूस घरी निघतो कधी? एक वाजता! चार तास खाट अडलेली आणि बाहेर बाकावर नवीन पेशंट कण्हत बसलेले.

कारण एकच. मोठ्या सिस्टर.

दाराजवळ त्यांनी एक खुर्ची मांडलीय. घरी निघालेल्या प्रत्येकाला त्यावर बसवतात, स्वतः समोर स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "आता तुम्ही सिस्टर आणि मी पेशंट. मला गोळ्या समजावून सांगा." आज एक आडदांड ट्रक ड्रायव्हर होता. आधी लाजला. मग सांगायला लागला, "ही साखरेची. जेवणाआधी घ्यायची."

"आणि मी जेवलेच नाही तर?"

"मग नाही घ्यायची."

"सकाळची विसरले म्हणून संध्याकाळी दोन घेतल्या तर?"

"वेड लागलंय का बाई तुम्हाला!" ड्रायव्हर असा ओरडला की सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या, "शाब्बास," म्हणाल्या.

बावीस मिनिटं! नाटक करायचं तर नाट्यगृह आहे ना.

मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "साहेब, घरी यांना विचारायला कोणी नसतं. म्हणून इथेच विचारून घेते." बाई चांगल्या आहेत, एकोणतीस वर्षांची नोकरी आहे. पण बोलायची फार हौस.

१० फेब्रुवारी, सोमवार

रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर देवमाणूस. समोर आलेल्या कुठल्याही कागदावर सही करतात, कारण वाचलं तर प्रश्न पडतात असं त्यांचं म्हणणं. माझ्या योजनेवरही केली. खुर्ची आजपासून सामानाच्या खोलीत. पेशंटच्या हातात छापील चिठ्ठी द्यायची, गोळीच्या नावापुढे १-०-१ असं स्वच्छ लिहिलेलं. सकाळी एक, दुपारी नाही, संध्याकाळी एक. शेंबड्या पोरालाही कळेल. चिठ्ठी दिली, पिशवी दिली, चला.

सिस्टर खुर्ची नेताना बघत होत्या. म्हणाल्या काहीच नाहीत. समजूतदार बाई.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फॉर्म तयार केला. 'डिस्चार्ज' हा शब्द मला कधीच आवडला नाही. आपल्या भाषेत काय शब्दांचा दुष्काळ पडलाय? रकाने असे:

रुग्णाचे नाव. रुग्ण गेल्याची वेळ. त्यास लागलेला अवधी. रुग्णाचे शेवटचे शब्द.

शेवटचा रकाना ही माझीच कल्पना. दारातून बाहेर पडताना माणूस जे बोलतो ते खरं मत. डेपोतल्या तक्रारवहीत लोक रागाने लिहायचे, दारात मात्र मनातलं बोलून जायचे. ते टिपायचं आणि मुख्य कार्यालयाला पाठवायचं.

सिस्टरनी फॉर्म वाचला आणि चष्मा काढला. "साहेब, 'गेल्याची वेळ' नको हो. इथे कोणी 'गेले' म्हटलं की लोक रडायला लागतात."

म्हटलं, "सहाची बस गेली म्हणतो, तेव्हा कोणी रडतं का?"

"ज्याची चुकते तो रडतो."

सगळं हसण्यावारी न्यायची सवय. मी म्हटलं, शब्द शुद्ध आहे, बदलायचा नाही. वॉर्डची जबाबदारी त्यांची, म्हणून खाली सही त्यांची लागते. त्यांनी केली.

३ मार्च, सोमवार

नवीन पद्धत महिनाभर चालवून अहवाल धाडायचा. आजचे शेवटचे शब्द: "येतो." "येते हं." "माझी एक चप्पल कुठाय?" "सुटलो एकदाचा!" शेवटचा अभिप्राय मी लाल शाईने अधोरेखित केला. याला म्हणतात समाधानी रुग्ण.

१७ मार्च, सोमवार

सरासरी अडतीस मिनिटं! चार तासांवरून अडतीस! डेपोतल्या जुन्या मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे साडेआठची अजून उभीच आहे." वाईट वाटलं, पण थोडंच.

आणखी एक चांगली गोष्ट. गेलेल्यांपैकी एकोणीस जण पंधरा दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाले. लोकांचा विश्वास बसतोय. प्रवासी पुन्हा त्याच बसने आला तर सेवा चांगली, हे आम्ही डेपोत नेहमी म्हणायचो. सिस्टरना हा आकडा दाखवला तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. कौतुक करायला काही माणसांना शब्द सापडत नाहीत.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "एकोणीस? अहो, दवाखान्यात पुन्हा यायला ते काय माहेर आहे?"

३१ मार्च, सोमवार

अहवाल धाडला. एका महिन्यात एकशे त्रेचाळीस रुग्ण गेले. पूर्वी नव्वदीच्या पुढे आकडा जात नव्हता. प्रमुख डॉक्टरांनी न वाचता सही केली. मुख्य कार्यालयातून आता काय उत्तर येतंय ते बघायचं. आज मी इस्त्रीचे दोन शर्ट जास्तीचे काढून ठेवलेत.

९ एप्रिल, बुधवार

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून काढतो.

'आपल्या मेडिकल वॉर्डात मार्च महिन्यात १४३ रुग्ण गेल्याचे कळविण्यात आले आहे. सदर रुग्णांचे शेवटचे शब्द वाचून हे कार्यालय अत्यंत व्यथित झाले आहे. विशेषतः अनुक्रमांक १३ यांनी अखेरच्या क्षणी स्वतःची चप्पल शोधावी ही बाब हृदयद्रावक आहे. प्रत्येक रुग्ण जाण्यास सरासरी अडतीस मिनिटे लागली, यावरून उपचार करण्यात कोणतीही दिरंगाई झाली नाही की कोणताही उपचारच झाला नाही, याचा बोध होत नाही. तथापि अनुक्रमांक १४ यांच्या "सुटलो एकदाचा" या उद्गारांखाली लाल शाईने रेघ मारून समाधान व्यक्त करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनोवृत्तीची चौकशी होणे आवश्यक आहे.'

पुढे: वॉर्डात नवीन रुग्ण घेणं बंद. चौकशी २२ तारखेला. फॉर्मवर सही करणाऱ्या वॉर्डप्रमुख सिस्टर आजपासून निलंबित.

प्रमुख डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक कागद पूर्ण वाचला आणि पाणी मागितलं.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी मुख्य कार्यालयात फोन केला. म्हटलं, "अहो, गेले म्हणजे घरी गेले! सगळे जिवंत आहेत!" पलीकडचा कारकून म्हणाला, "फोनवर जिवंत चालत नाही. लेखी लागतं."

म्हणजे एकशे त्रेचाळीस लोकांच्या जिवंत असल्याच्या सह्या बावीस तारखेच्या आत गोळा करायच्या. नाही झाल्या तर वॉर्ड कायमचा बंद आणि इथले पेशंट दोन तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात. आणि सिस्टरच्या नावावर एकशे त्रेचाळीस मृत्यू.

दुपारी सिस्टर कपाट रिकामं करायला आल्या. मी दारात उभा होतो. त्या म्हणाल्या, "एकोणतीस वर्षांत माझ्या नावावर साधा ओरखडा नव्हता, साहेब. निवृत्तीला चार महिने राहिले होते." रडल्या नाहीत. पिशवीत स्वतःचा पेला, चार्जर आणि एक स्वेटर घातला आणि गेल्या. म्हणजे घरी गेल्या. आता हा शब्द लिहितानाही घाम फुटतो.

शब्द शुद्ध होता, हे मात्र मी अजूनही म्हणेन.

१२ एप्रिल, शनिवार

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. पण वेळापत्रक करणं हे आपलं काम. रात्रंदिवस डोकं खाजवत न बसता एकशे त्रेचाळीस पत्ते नकाशावर मांडले आणि सात मार्ग आखले. परत आलेल्या एकोणीस जणांच्या सह्या तर जागेवरच मिळाल्या, काही अजून वॉर्डातच होते, बाकीचे तपासणीला येतात. राहिले एकशे चोवीस. घर टू घर, सही, पुढे. दर घरी तीन मिनिटं.

मजकूर मीच लिहिला: 'मी खाली सही करणार लिहून देतो की, मी मार्च महिन्यात रुग्णालयातून गेलो, तथापि गेलेलो नाही.'

ही म्हणाली, "मी येते बरोबर. तुम्ही एकटे दारात जाऊन 'तुम्ही जिवंत आहात का' विचाराल आणि मार खाल."

१३ एप्रिल, रविवार

पहिला मार्ग. सोळा घरं. ठरल्याप्रमाणे अठ्ठेचाळीस मिनिटं व्हायला हवी होती. सहा तास लागले. कारण ही.

मी सही घेऊन उठतो, तर ही बसलेली. "गोळ्या घेताय ना नीट? दाखवा बरं." गोळ्या दाखवायला लागले की माणसं थांबत नाहीत. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना साखरेची गोळी 'जेवणाआधी' दिलेली. बाई दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खातात. पाचही वेळा गोळी! वर म्हणतात, हल्ली सुई ओवताना चक्कर येते, मशीन जुनं झालंय.

हिने गोळ्यांचं पाकीट हातातच घेतलं आणि बाईंना रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. माझी दोन घरं त्या नादात राहिली. हिला म्हटलं, "अगं, माणसं जिवंत आहेत का ते बघायला आपण आलोय, कसे आहेत ते बघायला नाही."

ही पाकीट पिशवीत टाकून पुढच्या घराकडे चालायला लागली.

१५ एप्रिल, मंगळवार

आज एका पेन्शनर गृहस्थांकडे. त्यांच्या गुडघेदुखीच्या गोळीवर 'गरज पडल्यास एक' असं आहे. ते अर्धवट झोपेत, खुर्चीतच लवंडलेले. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "मला गरज पडली की देते. हे कटकट करायला लागले की एक, पाहुणे यायचे असले की एक." गृहस्थांनी सही केली ती कागदाच्या बाहेर गेली.

पुढच्या घरी आडमुठाच माणूस भेटला. म्हणाला, "मी मेलोय याचा कागद आधी दाखवा. जावयाला दाखवायचाय." अर्धा तास गेला. त्याच्या गोळ्या मात्र मीच विचारल्या, कारण ही शेजारच्या घरात अडकली होती. सगळ्या बरोबर होत्या. चिठ्ठी भिंतीला चिकटवलेली. मला फार बरं वाटलं. मग कळलं, हा फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही एकदा दाखल झाला होता आणि तेव्हा सिस्टरनी त्याला खुर्चीवर बसवून सगळं वदवून घेतलं होतं. मार्चमध्ये त्याच गोळ्या.

असो. एक उदाहरण म्हणजे काही पुरावा नव्हे.

१८ एप्रिल, शुक्रवार

एकशे अकरा सह्या. बावीस घरांत गोळ्या चुकीच्या. मी मोजायचं नाही ठरवलं होतं, पण सव्वीस वर्षांची सवय, मोजलंच जातं.

जेवताना हिला विचारलं, "एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लोक चुकतात कसे?"

ही म्हणाली, "तुमच्या बसवर एवढा मोठा फलक असतो ना? तरी माणूस चढताना कंडक्टरला विचारतोच, ही तिकडे जाते का म्हणून. कंडक्टर 'हो' म्हणाला की मगच पाय ठेवतो."

मी भात जास्त घेतला.

२१ एप्रिल, सोमवार

एकशे बेचाळीस. एकच राहिला: घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. तीनदा गेलो तर दुकान बंद. आज शेजाऱ्याने मागचं दार दाखवलं.

आजोबा पलंगावर बसून होते. आडवं होता येत नव्हतं, श्वास अडकत होता. दोन्ही पायांवर सूज, घोट्यावर बोट टेकवलं तर खळगा तसाच राहिला. घरात एकटे. तरी मला बघून हसले. "या साहेब. गोळ्या चुकवलेल्या नाहीत हं मी."

मी चिठ्ठी मागितली. १-०-१. आणि शेजारी त्यांनी स्वतःच्या बारीक अक्षरात तारखा मांडलेल्या. सोमवारी एक. मंगळवारी शून्य. बुधवारी एक. दिवसाआड एक गोळी, दीड महिना, न चुकता, घड्याळाच्या काट्यासारखी. दिवसाला दोन घ्यायच्या होत्या.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

ही म्हणाली, "रिक्षा." मी रस्त्यावर धावत गेलो. माझ्या वयाला शोभत नाही असं धावलो.

वॉर्डाच्या दारात अडवलं. नवीन रुग्ण घ्यायला बंदी. मी प्रमुख डॉक्टरांच्या खोलीत घुसलो आणि ओरडलो, "नवीन कुठे आहेत हे? कागदोपत्री हे गेल्या महिन्यात वारलेत! वारलेल्या माणसाला दाखल केलं म्हणून कोण पकडणार तुम्हाला?" डॉक्टरांनी दोन क्षण विचार केला आणि म्हणाले, "अगदी नियमात बसतं." आणि स्वतः उठून आजोबांना ऑक्सिजन लावला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. आजोबांनी सही केली, पण मी ती रात्रीपर्यंत खिशातून काढलीच नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

चौकशी. मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. करड्या साडीतल्या, शांत, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. एकशे त्रेचाळीस सह्यांचा गठ्ठा त्यांनी तपासला. मधूनच त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. 'तथापि गेलेलो नाही' वर बोट ठेवून हसत होत्या.

मग दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "वॉर्ड सुरू करू. पण फॉर्मचा घोळ कोणाचा, हे लिहावं लागेल. फाईल बंद करायला एक नाव लागतं. सही सिस्टरची आहे, आणि त्या चार महिन्यांत निवृत्तच होतायत. ठपका बसला तरी फारसं बिघडणार नाही."

मी टेबलावरचा सह्यांचा गठ्ठा सारखा करत बसलो.

"तुमची अडतीस मिनिटं वरती आवडलीयत. सगळ्या रुग्णालयांना लावायचं चाललंय. मे महिन्यापासून तुम्ही मुख्य कार्यालयात. मात्र तुमच्याच नावावर ठपका असला तर मला ते जमवणं अवघड."

खरं लिहायचं तर मी पंधरा मिनिटं विचार केला. टेबल, खुर्ची, दारावरची पाटी, सगळं डोळ्यापुढून गेलं. मग सिस्टरची ती पिशवी आठवली, पेला आणि स्वेटर घातलेली. कागद ओढला आणि लिहिलं: 'फॉर्ममधील शब्द माझे आहेत. सिस्टरनी आक्षेप घेतला होता. दोष सर्वस्वी माझा.'

बाई म्हणाल्या, "मोठं मन आहे तुमचं. बघते. शब्दच चुकलाय, योजना तर चांगली आहे. कदाचित निभावेल."

बाहेर आलो तेव्हा छाती फुगली होती. हिलासुद्धा आज कौतुक करावं लागेल.

२३ एप्रिल, बुधवार

कागदाची प्रत घेऊन सकाळीच सिस्टरच्या घरी गेलो. त्यांना बातमी मीच द्यावी असं वाटलं. सिस्टर कपडे वाळत घालत होत्या. हात पुसले, चष्मा लावला, दोनदा वाचलं. मी धन्यवादाची वाट बघत उभा.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या नावावर आता काही नाही, सिस्टर."

"माझ्या नावाचं कळलं. उपकार झाले." आणि मग एकोणतीस वर्षांत कधी ऐकला नसेल असा त्यांचा आवाज चढला. "शब्द चुकला म्हणून लिहिलंत. शब्दाने कोणी आजारी पडतं का हो? घड्याळवाल्या आजोबांचे पाय शब्दाने सुजले? त्या शिवणकामवाल्या बाईंना चक्कर शब्दाने आली? प्रमुख डॉक्टरांनी सगळं सांगितलंय मला. माणसाला पिशवी देऊन अडतीस मिनिटांत बाहेर काढलंत, ते कुठे लिहिलंय यात? उद्या हे सगळीकडे लावणार. सगळीकडे आजोबा आहेत, साहेब!"

वाळत घातलेल्या चादरीला धरून त्या रडायला लागल्या. स्वतःच्या निलंबनाला रडल्या नव्हत्या.

मला आधी भयंकर राग आला. इतकं करूनही हे ऐकायचं! मग लाज वाटली. किती वेळाने ते माहीत नाही. घड्याळ बघितलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

चौकशीच्या बाई दुपारी निघणार होत्या. मी नऊलाच जाऊन बसलो आणि कालचा कागद परत मागितला. "मागे घेताय?" त्यांनी विचारलं. थोड्या निराश झाल्यासारख्या वाटल्या.

"नाही. अपुरा आहे."

खाली लिहिलं: 'अडतीस मिनिटे ही सुधारणा नव्हती. सिस्टर प्रत्येक रुग्णाकडून औषधे वदवून घेत, ते मी वेळ वाचविण्यासाठी बंद केले. त्यानंतर एकोणीस रुग्ण पंधरा दिवसांत परत आले, ते विश्वासाने नव्हे. बावीसहून अधिक घरांत औषधे चुकीची घेतली जात होती. एक रुग्ण थोडक्यात वाचला. ही योजना कोठेही लावू नये. खाटा लवकर रिकाम्या हव्या असतील तर सिस्टरच्या मदतीला आणखी दोन सिस्टर द्याव्यात.'

लिहायला वेळ लागला, कारण अडतीस हा आकडा खोडताना फार जड गेलं. माझ्या आयुष्यात तेवढाच एक आकडा लोकांनी नावाजला होता.

बाईंनी वाचलं. "हे वाचल्यावर योजना बंद होईल. तुम्हीही परत डेपोत जाल."

"हो."

"सही?"

केली. त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला, उठल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "सिस्टर सोमवारपासून कामावर. त्या दोन नवीन सिस्टरचं मी बघते. वचन नाही, पण बघते."

घरी फोन करून हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "अहो, डबा खाल्लात का?" आणि रडायला लागली. सत्तावीस वर्षांत फोनवर ही रडलेली मी ऐकली नव्हती.

डबा तसाच घेऊन वॉर्डात गेलो. आजोबांची सूज उतरलीय, उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "साहेब, तुमच्या कागदावर मी अजून गेलेलाच आहे का?"

"नाही आजोबा. खोडलं."

"मग आता काय लिहिलंय?"

"दाखल आहेत, असं."

"बरं झालं," म्हणाले. मग त्यांनी गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे धरलं. "ते एक-शून्य-एक मला अजून नीट समजलेलं नाही. सिस्टर सोमवारी येणार म्हणतात. तोवर तुम्ही सांगाल का?"

मी स्टूल ओढलं. एकदा सांगितलं, त्यांना पटलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला सांगितलं आणि मधेच चुकले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. डबा खायला तीन वाजले.